कार्बोरेटरची १९९६ची मारुती ८००: सीओ उतरवला की एचसी चढतो, पीयूसी मिळत नाही

कऱ्हाडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

वडिलांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० अजून आमच्या दारात उभी आहे आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा चालवलीही जाते. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी २०११, २०१६ आणि २०२१ साली पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. आता पुन्हा ती वेळ आली आहे. वीस वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले असल्यामुळे, एवढे पैसे भरण्याआधी गाडी पीयूसीच्या चाचणीत रीतसर उतरते की नाही हे पाहून घ्यावे, असे मी ठरवले. तिथेच अडकलो आहे.

पहिल्या केंद्रावर धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ५.२ टक्के आणि एचसी (न जळलेले पेट्रोल) ६४० पीपीएम (दहा लाखांतले भाग) आला. गाडी नापास. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी कार्बोरेटरवरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागावरचा) मिक्श्चर स्क्रू आत फिरवून पेट्रोल कमी केले. त्यानंतर दुसऱ्या केंद्रावर सीओ एकदम ०.९ वर आला, परंतु एचसी २१५० झाला, म्हणजे गाडी पुन्हा नापास. आता ती उभी असताना थरथरते आणि सिग्नलला कधी कधी बंदही पडते. मिस्त्री म्हणतात की इंजिन थकले आहे, काम काढावे लागेल. गाडी तेल खात नाही, चढाला पूर्वीसारखीच ओढते. त्यामुळे हे मला पटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एक आकडा खाली आणला की दुसरा वर का जातो? दुसऱ्या केंद्रावरील गृहस्थांनी सीओची मर्यादा ०.५ असल्याचे सांगितले, तर पहिल्या केंद्रावर ती ३ सांगितली होती. यांतील खरी कोणती? पेट्रोलमध्ये टाकायची जी औषधे बाजारात मिळतात, त्यांचा काही उपयोग होतो का? आणि एक गोष्ट संकोचाने सांगतो: गाडी न आणता केवळ तिचा फोटो पाठवा, प्रमाणपत्र होऊन जाईल, असेही मला एकाने सुचवले आहे.

पीयूसीवाला, अहिल्यानगर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण मर्यादाच चुकीची धरली तर पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार, भारत स्टेज-२ (धुराच्या सरकारी मानकांचा एक टप्पा) पूर्वीच्या मानकांप्रमाणे बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू असताना) सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. भारत स्टेज-२ आणि स्टेज-३ च्या गाड्यांसाठी तीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम होते. स्टेज-४ पासून ती आणखी कडक होते आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून लॅम्डाही (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) मोजावा लागतो. आपली गाडी १९९६ची आहे. भारत स्टेज-१ ची मानकेच देशभर २००० साली आली, त्यामुळे आपल्या गाडीला ०.५ ची मर्यादा लागू होण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या आरसीमध्ये मानकाचा रकाना बहुधा कोराच असतो आणि चाचणी घेणाऱ्याने घाईत चुकीचा वर्ग निवडला, की असे घडते. पुढच्या वेळी यंत्रावर वर्ग निवडला जात असताना शेजारी उभे राहा आणि उत्पादनाचे वर्ष दाखवून नम्रपणे सांगा. कोणी नाकारत नाही.

खरा गोंधळ २००० ते २००५ या काळातल्या गाड्यांचा असतो. भारत स्टेज-२ दिल्लीत २००० साली आणि मुंबईसारख्या महानगरांत २००१ साली लागू झाले, पण देशभर लागू व्हायला एप्रिल २००५ उजाडले. त्यामुळे २००३ साली मुंबईत घेतलेली आणि त्याच वर्षी तालुक्याच्या गावी घेतलेली, अशा दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात.

शेवटच्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगतो की, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने वाहन चालवण्याचा परवाना गमावण्याची तरतूद आहे. आम्ही केंद्र चालवणारेही अशा कामात परवाना घालवून बसतो. आपल्या गाडीचे प्रमाणपत्र तसेही सहाच महिने टिकते. वर्षभराची मुदत स्टेज-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना आहे. दर सहा महिन्यांनी हा चोरटा व्यवहार करण्यापेक्षा गाडी एकदा नीट लावून घेणे स्वस्त पडेल.

शिल्पनिदेशक (निवृत्त)

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा व्यवसाय बरीच वर्षे शिकवला. आपल्या मिस्त्रींनी स्क्रू फिरवला, यात त्यांची चूक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांनी तो सर्वांत आधी फिरवला, ही चूक आहे. हा स्क्रू सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर हात लावण्याची वस्तू आहे.

सीओ आणि एचसी हे दोन्ही धुरातले दोष असले, तरी त्यांचे जन्म वेगळे आहेत. पेट्रोल जळाले, पण त्याला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणून सीओ जास्त असणे म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त असणे, याला सहसा अपवाद नाही. एचसी म्हणजे मुळात न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. ते दोन अगदी विरुद्ध कारणांनी वाढते. पेट्रोल फार जास्त झाले तरी वाढते आणि फार कमी झाले तरी वाढते, कारण मिश्रण इतके पातळ होते की ठिणगी पडूनही ज्योत संपूर्ण सिलेंडरभर पसरत नाही. आपल्या गाडीला तीनच सिलेंडर आहेत. त्यांतल्या एकाने अधूनमधून जरी ठिणगी चुकवली, तरी त्या वेळचे सगळे पेट्रोल जसेच्या तसे सायलेन्सरमधून बाहेर येते आणि एचसीचा आकडा शेकड्यांतून हजारांत जातो. गाडीचे थरथरणे आणि २१५० हा आकडा, ही एकाच गोष्टीची दोन वर्णने आहेत.

यावरून माझा तर्क असा आहे. आपल्या गाडीत कुठेतरी जास्तीची हवा शिरते आहे, म्हणजे व्हॅक्युम गळती आहे, आणि ती एका सिलेंडरच्या जवळ असावी. त्यामुळे तो सिलेंडर पातळ मिश्रणावर लंगडत असणार. पूर्वी कधीतरी कोणीतरी ते लंगडणे थांबवण्यासाठी स्क्रू बाहेर काढून सगळ्याच सिलेंडरना जास्त पेट्रोल दिले. लंगडा सिलेंडर चालू लागला आणि उरलेले दोन तुडुंब झाले. तीच अवस्था आपण ५.२ या आकड्यात पाहिलीत. आता स्क्रू आत नेल्यावर ते दोन सिलेंडर शहाणे झाले आणि तिसरा पुन्हा लंगडू लागला. जोवर मूळ गळती बंद होत नाही, तोवर आपण स्क्रूच्या दोन टोकांमध्ये येरझारा घालत राहाल आणि दोन्हीकडे नापास व्हाल.

हा तर्कच आहे. तो तपासायचा असेल तर केंद्रावरील यंत्रावर प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांचे आकडेही दिसतात का ते पाहा. बहुतेक यंत्रे चार वायू मोजतात. प्रमाणपत्रावर दोनच छापले जात असतील, पण पडद्यावर चारही दिसतात. कार्बोरेटरचे निरोगी इंजिन आयडलिंगला साधारण एक ते दोन टक्के प्राणवायू आणि तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड दाखवते. आपला प्राणवायू पाच-सहा टक्के असेल तर माझे म्हणणे खरे मानायला हरकत नाही. मात्र एक अट आहे: सायलेन्सरला भोक नसावे, कारण तिथून हवा आत ओढली गेली तरी प्राणवायू वाढलेला दिसतो आणि सगळाच हिशेब फसतो.

कऱ्हाडकर

आपले मनापासून आभार, सर. दुसऱ्या केंद्रावर मी यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, तो आज शोधून पाहिला. सीओ ०.९, एचसी २१५०, कार्बन डायऑक्साइड १०.८ आणि प्राणवायू ६.१ असे आकडे आहेत. सायलेन्सर गेल्याच दिवाळीत नवीन बसवला असून सांध्यांतून आवाज येत नाही. आता गळती शोधायची कशी, हे कृपया सांगावे. मी स्वतः पाने हाताळू शकतो, पण कार्बोरेटर कधी उघडलेला नाही.

शिल्पनिदेशक (निवृत्त)

६.१ हा आकडा बराच बोलका आहे. कार्बोरेटर उघडू नका, सध्या त्याची गरज नाही.

इंजिन पुरते तापू द्या. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला, म्हणजे ते तापले असे समजावे. चोकची मूठ पूर्ण आत ढकललेली असूनही आत चोकची पट्टी पूर्ण उघडते का, हे एअर फिल्टरचे झाकण काढून डोळ्यांनी पाहा. जुन्या गाड्यांत तार गंजून आखडते आणि पट्टी पाव भाग बंदच राहते. मग कितीही स्क्रू फिरवला तरी सीओ हटत नाही. फिल्टर धुळीने भरला असेल तर हवा मारून भागवू नका, नवीन टाका.

आता इंजिन आयडलिंगवर ठेवून मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटरकडून सिलेंडरकडे मिश्रण नेणाऱ्या भागातून) निघणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पक्कडीने हळूच चिमटा, कापू नका. एक नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते, एक डिस्ट्रिब्युटरवरच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या भागावरच्या) व्हॅक्युम डबीकडे, एक क्रँककेसच्या (इंजिनच्या तळाच्या पेटीच्या) वाफेची असते. जी चिमटल्यावर इंजिनाची चाल एकदम बदलते आणि थरथर कमी होते, त्या नळीत किंवा तिच्या पलीकडच्या भागात गळती आहे. क्रँककेसच्या नळीतून मुळातच थोडी हवा वाहत असल्यामुळे तिथे किरकोळ फरक पडला तर दचकू नका. नळ्या ठीक निघाल्या तर मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगच्या रेषेवर, तसेच कार्बोरेटरच्या बुडाशी, तेलाच्या बुधलीतून इंजिन ऑईलचे दोन-दोन थेंब सोडा. तेल जिथे आत ओढले जाईल, तिथे इंजिन क्षणभर सुधारेल आणि थोडा निळा धूर दिसेल. काही मंडळी हीच तपासणी पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारून करतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करण्याइतकी घाई कोणालाच नसावी.

कोणता सिलेंडर लंगडतो हे पाहायचे असल्यास इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला टेकवून पक्का बांधा, म्हणजे ठिणगीला वाट राहील, आणि मग इंजिन सुरू करा. हेच तिन्ही वायरींबाबत करा. जी वायर काढूनही चाल बदलत नाही, तो सिलेंडर आधीच झोपलेला आहे. चालू इंजिनाची वायर उघड्या हाताने ओढू नये. मी माझ्या वर्गात प्रत्येक तुकडीतला एकजण तरी हे करताना पाहिला आहे आणि तो पुन्हा कधी करत नाही.

गळती बंद झाली, की प्लग नवे टाका, टॅपेटचे (व्हॉल्व्हजवळचे) अंतर थंड इंजिनावर पुस्तकात दिल्याप्रमाणे भरून घ्या आणि टायमिंग लाइटने टायमिंग (ठिणगीची वेळ) पाहा. एवढे झाल्यावरच स्क्रूकडे वळायचे. काही गाड्यांत कारखान्याने या स्क्रूवर धातूची टोपी बसवलेली असते. आपली मिस्त्रींनी केव्हाच काढलेली दिसते. तो आधी अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या आणि किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे हरवलात तर परत येता येईल. जोर लावला तर टोकाला खाच पडते आणि तो स्क्रू कायमचा निकामी होतो. नंतर दोन-अडीच फेरे बाहेर काढून इंजिन सुरू करा, दिवे आणि पंखा बंद ठेवा, आणि चाल सर्वांत जास्त होईल तिथवर स्क्रू न्या. तिथून तो किंचित आत घ्या, इंजिनाची चाल मिनिटाला पन्नासेक फेऱ्यांनी उतरेपर्यंत. आयडलचा वेगळा स्क्रू फिरवून चाल पुन्हा पूर्ववत करा. हा क्रम दोनदा केला की सीओ सहसा एक आणि दोनच्या मध्ये येऊन बसतो. मग केंद्रावर जाऊन यंत्राच्या साक्षीने शेवटचा पाव फेरा द्या.

औषधांबद्दल विचारले आहे. ती थोडाफार कचरा धुऊन काढतात, इतकेच. फाटलेली नळी कोणतेही औषध शिवत नाही.

जुनी पद्मिनी

माझ्याकडे मुंबईत १९९४ची प्रीमियर पद्मिनी आहे. सरांनी सांगितलेल्या गोष्टींत मी पेट्रोलच्या बदलाची भर घालू इच्छितो, कारण हा घटक आपल्या गाड्या बनल्या तेव्हा नव्हता.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग हा प्राणवायूच असल्यामुळे, शुद्ध पेट्रोलला एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात, तिथे या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरतात. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने स्वतःला सावरून घेते. कार्बोरेटरला मात्र जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे) भोक तेवढेच ठेवून हवा तेवढीच ओढायची असल्यामुळे, त्याच्या दृष्टीने मिश्रण आपोआप पातळ होते. याचा परिणाम सीओ कमी होण्यात होतो, जे पीयूसीच्या दृष्टीने बरेच आहे. पण ज्या गाडीत आधीच हवेची गळती किंवा कमजोर ठिणगी आहे, तिथे हेच पातळ मिश्रण एचसी वाढवते. कऱ्हाडकर यांच्या गाडीला स्क्रू आत फिरवणे जे जड गेले, त्यात या पेट्रोलचाही वाटा असणार.

दुसरा त्रास रबराचा. माझ्या गाडीच्या यांत्रिक पेट्रोलपंपाचा पडदा ताठरला आणि पेट्रोलच्या जुन्या नळ्या आतून सुटून त्यांचे काळे कण जेटमध्ये अडकले. इथेनॉल हवेतली आर्द्रताही धरून ठेवते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली की टाकीच्या तळाशी काय साचते ते न बोललेलेच बरे. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकीकडून येणारे पेट्रोल बंद करून, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मगच बंद करा.

पद्मिनीला ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर आहे. आपल्या गाडीलाही पॉइंट असतील तर तेही पाहा. पॉइंटची टाच झिजली की त्यांच्यातले अंतर कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे सरकते. कंडेन्सर मेला की पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळी पडते. हे मी पुस्तकातून नाही, तर काळ्या-पिवळ्या टॅक्सींची कामे करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडून शिकलो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षे भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यांच्या गॅरेजात आता माझ्यासारखे हौशी लोकच येतात.

चिपळूणकर

याच विषयाला धरून मीही विचारते. माझी गाडी २००४ची, मुंबईत नोंदलेली, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाची आहे आणि तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारे भांडे) आहे. एचसी ३१० आला, पण सीओ १.४ असल्यामुळे ०.५ च्या मर्यादेत बसत नाही. गॅरेजमध्ये कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च ऐकून मी घरी परतले. दुसऱ्या एका ठिकाणी तर कन्व्हर्टर आतून फोडून पोकळ करून देतो, गाडी मोकळी होईल, असे सांगितले. तिला स्क्रू वगैरे काही नाही, मग मी काय पाहावे?

पीयूसीवाला, अहिल्यानगर

ताई, कन्व्हर्टर फोडू देऊ नका; त्यानंतर ०.५ मध्ये बसण्याची उरलीसुरली आशाही जाईल.

आधी एक फुकटचा उपाय करून पाहा. कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामच करत नाही. घरापासून पाच मिनिटांवर केंद्र असेल आणि तिथे रांगेत अर्धा तास गाडी बंद करून उभी असेल, तर आम्ही मोजतो तो धूर थंड कन्व्हर्टरचा असतो. चाचणीपूर्वी वीस मिनिटे महामार्गावर गाडी चालवून या, रांगेत ती बंद करू नका, आणि यंत्राची नळी सायलेन्सरच्या पाइपात घालण्याआधी पंधरा-वीस सेकंद मध्यम रेस देऊन मग आयडलिंगला आणायला सांगा. नळी पाइपात किमान तीस सेंटिमीटर आत गेली पाहिजे, हेही पाहा; ती वरवर अडकवली तर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटे पडतात. ते आपल्या फायद्याचे दिसले तरी खोटेच.

शिल्पनिदेशक (निवृत्त)

वरील उपायाने उतरले नाही, तर दोन सेन्सरकडे पाहावे. इंजिनच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बिघडून इंजिन थंड आहे असेच सांगत राहिला, तर संगणक चोक ओढल्यासारखे जास्त पेट्रोल देत राहतो. मायलेजही घसरलेले असेल तर संशय याच्यावर घ्यावा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला, की त्याचा संकेत वर-खाली होण्याऐवजी एका जागी बसून राहतो. त्याच्या आधीच्या सांध्यात गळती असली, तर बाहेरची हवा लागून तो मिश्रण पातळ असल्याचे कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. अशा वेळी नवा कन्व्हर्टर टाकला, तर तोही जास्तीच्या पेट्रोलाने तापून काही महिन्यांत जाईल. म्हणून कन्व्हर्टर सर्वांत शेवटी. आपल्या गाडीचा एचसी ३१० च आहे, ठिणगी चुकत नाही. तेव्हा प्लग आणि कॉइलवर खर्च करू नका.

कऱ्हाडकर

उशिरा उत्तर देत आहे, त्याबद्दल क्षमस्व. रविवार पूर्ण याच कामात गेला.

सरांचा तर्क बराचसा खरा ठरला. ब्रेकच्या बूस्टरची नळी चिमटली तेव्हा काहीच बदल झाला नाही, डिस्ट्रिब्युटरच्या डबीची नळी चिमटली तेव्हाही नाही. वायर काढून पाहिल्यावर तिसरा सिलेंडर जवळपास झोपलेला आढळला आणि मॅनिफोल्डच्या त्याच टोकाला तेलाचे थेंब सोडताच इंजिन एकदम सुतासारखे सरळ झाले. मॅनिफोल्डचे दोन नट हाताने फिरतील इतके ढिले होते आणि पॅकिंग तिथे काळे पडून फाटले होते. पॅकिंग बाजारात सहज मिळाले. याशिवाय चोकची पट्टी खरोखरच पूर्ण उघडत नव्हती. तारेचा पेच सोडून ती लांब केली. एअर फिल्टर आणि प्लग नवे टाकले, इंजिन ऑईलही बदलले, कारण त्याला पेट्रोलचा वास येत होता. टॅपेट आमच्या मिस्त्रींकडूनच भरून घेतले. मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर मजुरी घेईनात. मी ती आग्रहाने दिली.

स्क्रू आत टेकवला तेव्हा तो पाऊण फेराच बाहेर होता. सध्या तो दोन फेऱ्यांच्या थोडा अलीकडे आहे. काल पहिल्याच केंद्रावर गेलो, वर्ग निवडताना शेजारी उभा राहिलो. सीओ १.६, एचसी ३८०, कार्बन डायऑक्साइड १३.२, प्राणवायू १.५. प्रमाणपत्र मिळाले.

आता आरटीओच्या तपासणीची वेळ घ्यायची आहे. उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून झाली आहे. हेडलाइटचे एक काच-भांडे आतून पिवळे पडले आहे, तेवढे बदलून मग जाईन.

शिल्पनिदेशक (निवृत्त)

आनंद वाटला. मॅनिफोल्डचे नट पाचशे किलोमीटर चालवल्यावर थंड इंजिनावर पुन्हा एकदा आवळा, नवे पॅकिंग दबून बसते. आणि तेलाला पेट्रोलचा वास येत होता ना, तर महिनाभराने पुन्हा एकदा डिपस्टिक काढून हुंगून पाहा. वास परत आला, तर मात्र पेट्रोलपंपाचा पडदा आणि फ्लोटची सुई तपासावी लागेल.